डाग बघून घ्या

सदतीस वर्षं मी लोकांचे डाग काढले. कपड्यांवरचे नव्हे, चेहऱ्यांवरचे. देवीचे व्रण, मुरमांचे खड्डे, भाजल्याच्या खुणा, सगळं पेन्सिलीनं आणि ब्रशनं मिटवत आलो. एकदा एका आईच्या हट्टापायी स्थळाला पाठवायच्या फोटोतून मुलीच्या गालावरचा मोठा तीळ काढला. मुलाकडची मंडळी बघायला आली, आणि फोटोतली मुलगी हीच का, यावर तासभर वाद झाला. लग्न मोडलं नाही, पण लग्नाच्या फोटोंत तीळ ठेवायचा की काढायचा हे विचारायला मालकांनी मला मुद्दाम मांडवात पाठवलं होतं.

या कामाला रिटचिंग म्हणतात. कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून एका बोळात आमचा स्टुडिओ होता. गिऱ्हाईक मालकांना ओळखतं, फोटोग्राफरला ओळखतं. रिटचर मागच्या खोलीत बसलेला असतो, आणि त्याचं काम चांगलं झालं तर ते झालंय हेच कुणाला कळत नाही. आता कॉम्प्युटरवर शाळकरी पोरंही हे करतात. करू देत. माझा राग नाही, पण त्यांना ब्रश धरून दाखवा म्हटलं तर घाम फुटेल.

बाहेरच्यांसाठी धंद्यातली एकच गोष्ट सांगतो. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की तेवढ्या जागी उजेड अडतो आणि प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. मग तीन केसांचा ब्रश घ्यायचा, शाईत बुडवायचा, जिभेवर टोक करायचं आणि ठिपका भरून टाकायचा. मालक प्रिंटांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवायचे आणि ओरडायचे, "दत्तोबा, डाग बघून घ्या." म्हणजे एकही डाग ठेवू नका. या तीन शब्दांनी पुढे जे केलं ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलोय.

पण त्याआधी डोळ्यांचं सांगायला हवं. खेड्यापाड्यांत कितीतरी माणसं अशी, की हयातीत त्यांचा एकही फोटो निघत नसे. माणूस गेल्यावर फोटोग्राफरला बोलावणं यायचं. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, फेटा बांधायचा आणि फोटो काढायचा. भिंतीवर मात्र मिटल्या डोळ्यांचा फोटो कुणाला नको असतो. तेव्हा ते डोळे मी उघडायचो. आसपासच्या तीन जिल्ह्यांत हे काम करणारे आम्ही मोजके होतो, आणि मला त्याचा अभिमान होता हे कबूल करतो.

डोळे उघडायचे म्हणजे मिटलेल्या पापणीवर नवे डोळे रंगवायचे. कसले? ज्यांना मी कधी बघितलं नाही त्यांचे डोळे कसे होते, हे मला कुठून ठाऊक असणार. मी टेबलावर दाढीचा आरसा ठेवायचो आणि त्यात बघून काढायचो. नातेवाईक फोटो हातात घेऊन रडायचे, आणि म्हणायचे, अगदी अस्संच बघायचे. एकदा इचलकरंजीला एका यंत्रमागवाल्याकडे लग्नाला गेलो होतो. पंगतीत बसल्यावर वर बघितलं, तर समोरच्या भिंतीवर हार घातलेला एक म्हातारा माझ्याकडे माझ्याच डोळ्यांनी बघत होता. मी पान उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो. तिथूनही तो माझ्याकडेच बघत होता. त्या दिवसापासून कुणाच्या घरी गेलो की आधी भिंती बघायची खोड लागली.

शिंत्रे सर आमच्याकडे आले ते नव्वदच्या आसपास. शास्त्राचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले, मूळचे निपाणीकडचे. बोलणं असं की बोळाच्या तोंडाशी असले तरी मागच्या खोलीत ऐकू यावं. घराच्या मागच्या सोप्यात दोन वर्षं काच घासून त्यांनी दुर्बिणीचा आरसा स्वतः बनवला होता. पन्हाळ्याच्या पलीकडं बहिणीच्या मळ्यात पत्र्याच्या खोपीत ती दुर्बीण ठेवली होती. अमावास्येच्या आसपास ते तिकडं जायचे आणि दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढायचे. एकेका फोटोला अर्धा तास शटर उघडं ठेवून, डोळा लावून बसावं लागे. ऊस तोडणीच्या दिवसांत एखादा ट्रॅक्टर दिवे लावून वळला, की अर्ध्या तासाचं काम मातीत. कुणी पाचट पेटवलं तर अख्खी रात्र गेली. त्यात अमावास्येलाच येणारा हा म्हातारा करणी करतो, असं आसपासच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. एकदा खोपीच्या दारात टाचण्या टोचलेलं लिंबू मिळालं. सरांनी ते पिळून सरबत केलं असं ते सांगायचे, आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावायच्या.

त्यांचा पहिला रोल मी धुतला तेव्हा मालकांना वाटलं, कोराच आलाय. त्यांनी काउंटरवर सरांना विचारलं, झाकण काढायचं राहिलं का? त्यावर सर केवढ्यानं तरी म्हणाले, "झाकण न्हाई हो, आकाश हाय ते." मी निगेटिव्ह उजेडावर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. स्वच्छ पांढऱ्या आकाशात काळे तारे पसरले होते, आणि मध्ये एक काळपट वेटोळं होतं. खरं सांगायचं तर पुढची पंधरा वर्षं माझ्यासाठी आकाश तसंच राहिलं, पांढरं. आजही मान वर करून काळं आकाश बघितलं की मला ते कुणीतरी प्रिंट करून टांगल्यासारखं वाटतं.

त्या वेटोळ्याला दीर्घिका म्हणतात, हे मला सरांनी शिकवलं. आपल्या सूर्यासारखे अब्जावधी तारे एकत्र. सरांनी अशा चाळीस दीर्घिका निवडल्या होत्या. त्यांची नावं आकड्यांत होती, ती माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी आकारावरून नावं ठेवली. एक गोगलगाय, एक चकली, एक नुसतीच पापडी. दर अमावास्येला सर त्यातल्या जमतील तेवढ्यांचे फोटो काढायचे, एकेकीचा एकच. मी प्रत्येकीचे पोस्टकार्डाएवढे दोन प्रिंट काढायचो, दरवेळी नेमके त्याच मापाचे, एक सरांना आणि एक निगेटिव्हबरोबर आमच्या कपाटात. नवा प्रिंट जुन्याशेजारी ठेवून सर भिंग लावून बघत बसायचे. का, ते त्यांनी मला पुढं एका दुपारी मागच्या खोलीत स्टुलावर बसून समजावलं. मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा स्फोट होतो. काही आठवडे तो एकटा तारा अख्ख्या दीर्घिकेएवढा उजेड देतो, आणि विझून जातो. कुठल्या दीर्घिकेत, कधी, हे जगात कुणीही आधी सांगू शकत नाही. बघत राहायचं एवढंच हातात. असा एक मरणारा तारा जगात सगळ्यांच्या आधी आपल्याला दिसावा, एवढी एकच इच्छा त्या माणसानं धरली होती. मुलंबाळं नव्हती, जमीनजुमला नव्हता. दुसरं काही त्यांनी मागितल्याचं मी ऐकलं नाही.

"ह्यो उजेड तिकडनं निघाला तवा हितं माणूसच न्हवता, दत्तोबा," ते एकदा गोगलगायीवर बोट ठेवून म्हणाले. "आज तिथं काय हाय, हाय का न्हाई, ते कुणालाच ठाऊक न्हाई. कळणारबी न्हाई."

त्या वेळी माझ्यासमोर एका मयताचा फोटो होता आणि मी त्याचा डावा डोळा उघडत होतो. सरांनी त्या फोटोवर भिंग धरून बघितलं. मग आपल्या दोघांचं काम एकच आहे म्हणाले आणि उठून गेले. मला तेव्हा ते बोलणं आवडलं होतं.

आता त्या तीन शब्दांकडे येतो. पहिल्या वर्षी सरांचं बोलणं काउंटरपर्यंतच असे. त्यांची जवळची नजर कमजोर झाली होती. त्यांनी मालकांना विचारलं, जुन्या प्रिंटशी ताडून नवा ठिपका कुठं आलाय का, हे तुमच्याकडे कुणी बघेल का? मालकांना तेवढं ऐकायला सवड कुठली. त्यांनी मान डोलावली आणि सवयीनं आत ओरडले, "दत्तोबा, डाग बघून घ्या." सरांना वाटलं, आपण विचारलं तेच हे सांगताहेत. पुढं प्रत्येक पाकिटावर ते स्वतःच्या अक्षरात तेच लिहू लागले. डाग बघून घ्या.

आणि मी बघून घेत होतो. आकाशाच्या प्रिंटवर तारेही पांढरे ठिपके आणि धूळही पांढरा ठिपका, मग ओळखायचं कसं? मी डोकं चालवलं. जुना प्रिंट शेजारी ठेवायचा. जो ठिपका दोन्हींत आहे तो तारा. जो फक्त नव्यात आहे ती धूळ. ब्रश घ्यायचा आणि भरून टाकायचं. या युक्तीचा मला इतका अभिमान होता की मालकांना बोलावून दाखवली होती.

वाचक म्हणतील, सर नवा तारा शोधताहेत हे ठाऊक असून हा माणूस नवे ठिपके पुसत होता? होतो. अख्ख्या दीर्घिकेएवढा उजेड, असं सर सांगायचे, आणि माझ्या डोळ्यांसमोर दिवाळीतल्या भुईनळ्यासारखं काहीतरी यायचं. तो आला तर प्रिंटवर भगभगून दिसेल, अशी माझी खात्री होती. टाचणीच्या टोकाएवढा येईल हे मनातही आलं नाही. दर महिन्याला सर विचारायचे, "डाग?" मी म्हणायचो, "बघितलं सर, स्वच्छ हाय." ते सुस्कारा टाकायचे आणि पुढच्या अमावास्येच्या तयारीला लागायचे. पुढं आमची दोस्ती झाली, घरी जाणंयेणं सुरू झालं, पण ठरून गेलेल्या शब्दाचा अर्थ कोण कुणाला विचारतो? अशी सहा वर्षं गेली.

सहाव्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका शास्त्रज्ञांचं सरांना पत्र आलं. सरांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. गोगलगायीत तारा फुटला होता. परदेशात कुणाला तरी तो दिसला होता, आणि पत्रात विचारलं होतं की त्याआधीच्या दिवसांतला तुमचा फोटो आहे का? सरांकडे तीन आठवडे आधीचा प्रिंट होता. त्यांनी भिंग लावून बघितलं. गोगलगाय जशीच्या तशी, नवा ठिपका नाही. त्यांनी तसं कळवलं. पुण्याचे गृहस्थ फार खूश झाले. त्या रात्रीपर्यंत तारा दिसत नव्हता हे कळल्यामुळे तो किती झपाट्यानं पेटला याचा हिशेब मांडता येत होता. सरांचं नाव त्यांच्या टिपणात आलं, ते टिपण परदेशात गेलं, आणि सरांच्या जुन्या शाळेनं नारळ-शाल देऊन सत्कार केला.

सर पेढे घेऊन स्टुडिओत आले. तारा हुकला याचं दुःख होतंच, पण चेहरा उजळलेला होता. मला पेढा देत म्हणाले, "नसलेलंबी बघायला लागतं की, दत्तोबा. तेबी बघणंच."

ते गेल्यावर मी पेढा खाल्ला, आणि कशासाठी कोण जाणे, त्या रात्रीची निगेटिव्ह पाकिटातून काढली. दिव्याच्या काचेवर ठेवली, भिंग लावलं. गोगलगायीच्या शंखाखाली एक काळा ठिपका होता. मी फुंकर मारली. धूळ असती तर उडाली असती. मऊ ब्रश फिरवला. ठिपका हलला नाही. तो फिल्मवर बसलेला नव्हता, फिल्मच्या आत होता, बाकीच्या ताऱ्यांसारखाच. मग मी आमच्याकडची प्रत काढून कवडशात तिरकी धरली. शाईनं भरलेली जागा तिरप्या उजेडात किंचित निस्तेज दिसते, हे फक्त भरणाऱ्यालाच कळतं. शंखाखाली तशी एक जागा होती. ती भरल्याचं मला आठवतही नव्हतं.

मला भीती वाटली. कोट्यवधी वर्षं चालत आलेला उजेड बहिणीच्या मळ्यातल्या आरशावर पडला होता, फिल्मवर उमटला होता, माझ्या टेबलापर्यंत पोचला होता, आणि तिथं मी तो तीन केसांच्या ब्रशनं विझवला होता. वर आता परदेशातली शहाणी माणसं माझ्या शाईच्या ठिपक्यावर गणितं मांडत होती.

मी गप्प बसलो. दोन महिने. सर यायचे, स्टुलावर बसायचे, मी मान वर करत नसे. सांगून काय होणार, असं मनाला समजावत होतो. तारा तर विझलाच आहे. पण प्रत्येक प्रिंटवर हात थबकायला लागला. नवरीच्या कपाळावरचा ठिपका भरताना वाटायचं, ही खरंच धूळ आहे ना?

अशात मुरगूडकडची एक बाई आली. तिच्या नवऱ्याचे डोळे मी गेल्या वर्षी उघडले होते. तिनं तो फोटो नव्या धडप्यात गुंडाळून आणला होता. डोळ्यांची तक्रार आहे हे ऐकून मालकांनी तिला सरळ आत पाठवलं. तिनं फोटो टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग परत माझ्याकडे. आणि तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला कळलंय.

"ह्ये डोळं तुमचं हाईत," ती म्हणाली. "वरीसभर तुमीच माज्या घरात बघत बसलाय व्हय?"

ती भांडली नाही, रडलीही नाही. शांतपणे म्हणाली, "मिटून द्या. हुतं तसं द्या."

मी मूळच्या निगेटिव्हवरून डोळे मिटलेला प्रिंट करून दिला. तिनं तो बघितला, पदरानं पुसला आणि जुना फोटो तिथंच टाकून निघून गेली. त्याच संध्याकाळी मी गोगलगायीची निगेटिव्ह घेऊन सरांच्या घरी गेलो.

सर सोप्यात आरामखुर्चीत बसले होते. सत्काराची शाल खुर्चीच्या पाठीवर होती. मी उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"सर, तुम्ही पाकिटावर लिहीत होता, डाग बघून घ्या."

"व्हय. मग?"

"मी बघत न्हवतो. मी काढत होतो."

त्यांना कळायला वेळ लागला. मी निगेटिव्ह पुढं धरली. त्यांनी ती खिडकीकडं करून भिंगातून बघितली. भिंग डोळ्यापासून काढलं नाही, तसंच धरून विचारलं, "कितींदा?"

"नवा दिसला की प्रत्येक वेळी. पहिल्या रोलापासनं."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कपबशीचा आवाज थांबला.

"मेलेल्यांचं डोळं उघडतोस," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा इतका हळू ऐकला. "आणि माझं मिटवून ठेवलंस की रे."

मला पाय धरायचे होते, त्यांनी धरू दिले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. वहिनींनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या अण्णा, गार होतोय." त्यांच्या माहेरी भावाला अण्णा म्हणतात. त्या दिवशीही त्यांनी मला अण्णाच म्हटलं, हे मी विसरलेलो नाही.

सरांनी माझ्यासमोरच पुण्याला पत्र लिहिलं. माझे आधीचे पत्र चूक आहे. त्या रात्री तारा होता. प्रिंट काढताना चूक झाली. माझं नाव कुठं घातलं नाही. महिन्याभरानं उत्तर आलं की दुरुस्ती केली आहे, पण शोधाचं श्रेय आधी कळवणाऱ्याकडेच राहतं. ते बरोबरच होतं. तीन आठवडे तो तारा जगात फक्त एका निगेटिव्हवर होता, आणि ती कोल्हापुरातल्या एका बोळात लाकडी कपाटात पडून होती. सर पहिले होते. ते पहिलेपण कुणाच्या ब्रशानं गेलं, हे जगात तिघांनाच ठाऊक होतं, सर, वहिनी आणि मी. यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि आता या वयात करणारही नाही.

मला वाटलं होतं सर दुसऱ्या स्टुडिओत जातील. आठ दिवसांनी ते सगळे प्रिंट पिशवीत घालून आले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, काढ निगेटिव्ह, पहिल्यापासनं.

तो अख्खा पावसाळा आम्ही दुपारी मागच्या खोलीत बसलो. एकेक प्रिंट मी दिव्याच्या उजेडात तिरका धरायचा, माझ्या शाईच्या जागा शोधायच्या, आणि तीच जागा निगेटिव्हवर बघायची. मी माझेच सहा वर्षांचे हात तपासत होतो. बहुतेक ठिकाणी निगेटिव्हवर काही नव्हतं. साधी धूळ होती, भरली होती, ठीक होतं. प्रत्येक जागेवर भिंग मात्र मी दोनदा टेकवायचो. बाहेर मालक गिऱ्हाइकांशी हसत असत आणि आत आम्ही दोघं, मी विझवलेलं काही सापडतंय का बघत असू.

श्रावणात सापडलं. चकलीच्या बाहेरच्या वेढ्यावर. चार वर्षांपूर्वीची निगेटिव्ह. काळा, गोल, नेटका ठिपका. मागच्या महिन्याच्या फोटोत नाही. पुढचे दोन महिने पावसाचे, फोटोच नाहीत. सरांनी पुण्याला विचारलं. उत्तर आलं की त्या काळात त्या दीर्घिकेत असं काही दिसल्याची नोंद जगात कुणाकडेच नाही. कदाचित कुणी बघतच नव्हतं. आणि एकाच फोटोवरून काही सांगता येणार नाही. फिल्म धुताना रसायनाचा न विरघळलेला कण बसला, तरी असाच काळा ठिपका उमटतो. दुसरा फोटो असता तर कळलं असतं.

फिल्म मीच धुतली होती. म्हणजे तो ठिपका एकतर एका ताऱ्याचं मरण होतं, किंवा माझ्या बादलीतला कण. आणि यातलं कुठलं, हे आता कशानंही कळणार नव्हतं. तो उजेड येऊन गेला होता. पृथ्वीवरून पुढं निघून गेला होता. आला असेल तर.

सरांनी वहीत नोंद केली ती मी वाचली आहे. चकली, बाहेरचा वेढा. डाग. दत्तोबाने भरला. तारा की कण, कळत नाही. वही मिटून त्यांनी माझ्या टेबलावरच्या शाईच्या बाटलीकडे बघितलं.

"सगळंच आकाश आपल्याला असं कुणीतरी साफ करून हातात देत असंल तर, दत्तोबा?"

सरांनी ते विनोदानं म्हटलं असावं. मी त्यांना विचारलं नाही.

त्यानंतर सर प्रत्येक दीर्घिकेचे दोन दोन फोटो काढायला लागले, आणि मी आकाशाच्या प्रिंटला ब्रश लावणं सोडलं. प्रिंट धुळीसकट जायचे. पाकिटावर मात्र ते पूर्वीसारखंच लिहीत राहिले. आता मी खरोखर बघत होतो. नऊ वर्षं आम्ही दोघांनी बघितलं. एकही तारा फुटला नाही. दर महिन्याला ते विचारायचे, "डाग?" मी म्हणायचो, "न्हाई सर." तेच उत्तर, पण आता ते देताना माझी जीभ जड व्हायची. मेलेल्यांचे डोळे उघडणंही मी थांबवलं. मालक चिडले, मग काम दुसरीकडं जाऊ लागलं, मग कॉम्प्युटरच आला आणि प्रश्न मिटला.

सर गेले त्या वर्षी स्टुडिओ मालकांच्या मुलाकडे आला होता. काही दिवसांनी वहिनी फोटो मोठा करून घ्यायला आल्या. आयुष्यभर हा माणूस कॅमेऱ्याच्या मागे राहिला, त्यामुळे अलीकडचा त्यांचा एकच फोटो होता, खाटेवरचा, डोळे मिटलेला. मालकांचा मुलगा चांगला आहे. तो म्हणाला, काकू, पाच मिनिटांत डोळे उघडून देतो.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"नको रे बाळा," त्या म्हणाल्या. "लई बघितलं त्यांनी. ऱ्हाऊ द्यात."

मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. सरांनी शेवटच्या आठवड्यात ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. आत चकलीची ती एकच निगेटिव्ह होती. वर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, दत्तोबा, डाग बघून घ्या.

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. पंधरा वर्षं त्या तीन शब्दांचे दोन अर्थ आमच्यामध्ये होते. या वेळी त्यांना कोणता अर्थ सांगायचा होता, हे मला विचारावं लागलं नाही.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. निगेटिव्ह मी घरी खिडकीच्या काचेवर, ऊन लागणार नाही अशा बाजूला लावली आहे. सकाळी दाढीचा आरसा बाजूला ठेवला की भिंग घेऊन तिच्यापुढं उभा राहतो. पांढऱ्या आकाशात चकली, आणि तिच्या बाहेरच्या वेढ्यावर तो काळा ठिपका. तारा की माझ्या हातचा कण, अजून कळलेलं नाही. मी फुंकर मारत नाही. नुसता बघतो.